जिनिव्हा की ल्युसर्न, व्हाया टोकावडे

“दोघंच जानार? आन् वाट चुकली तं इचारनार कोन? पोरगी तं बोलत पन नाय.”

मामी हे चुलीपाशी म्हणाल्या, हळू आवाजात. त्यांचा हळू आवाज मला मधल्या खोलीत, लावलेल्या दाराआड, साडी बदलताना स्वच्छ ऐकू आला. मामी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मामी, गाव किन्हवली. न बोलणारी पोरगी म्हणजे मी. वाट चुकायची होती ती स्वित्झर्लंडमध्ये. बारा वर्षं सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत काढलेली मी तिथे कोणालाही वाट विचारू शकले असते. पण हे दार उघडून मामींना सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी निऱ्या घालत राहिले.

“मी पन तेच म्हनते,” सासूबाई म्हणाल्या.

त्या तेच म्हणत होत्या, हे मला त्या क्षणी कळलं.

आमच्या तालुक्यांतून जाणारे पुष्कळ असतात. नाशिकला जाताना शहापूर लागतं, माळशेजला जाताना मुरबाड लागतं. लोक चहाला थांबतात आणि पुढे जातात. थांबून चार घरी जेवलेलं कोणी मला अजून भेटलेलं नाही, म्हणून या तीन दिवसांचं वर्णन लिहायला घेतलं. मी शहापूरची, मला दिलं मुरबाडला. नकाशात दोन्ही तालुके एकमेकांना चिकटलेले. तरी शहापूरचे लोक मुरबाडच्यांना रेल्वे नसलेले समजतात आणि मुरबाडचे लोक आम्हाला घड्याळ बघून जेवणारे. दोन्ही समज खरे आहेत.

लग्नाला आठ दिवस झाले होते. सत्यनारायण झाला, कुलदेवीला जाऊन आलो. आता राहिली होती सोयऱ्यांकडची जेवणं. ती आटपेपर्यंत नव्या जोडप्याने वेगवेगळ्या खोल्यांत झोपायचं, अशी सासरची रीत. लग्नाआधी मी आणि संकेत चार वेळा भेटलो होतो आणि प्रत्येक वेळी समोर कमीत कमी तीन मोठी माणसं बसलेली होती. दोघांचंच बोलणं झालं ते फक्त फोनवर. आणि फोनवर आम्ही एकाच विषयावर बोललो: लग्नानंतर कुठे जायचं, जिनिव्हा की ल्युसर्न.

संकेत जिनिव्हाच्या बाजूचा. तिथे तळ्यातून आभाळात उडणारं मोठं कारंजं आहे, विमानतळ जवळ आहे, त्याने तक्ता करून पाठवला होता. तो एमआयडीसीत इंजिनिअर आहे, त्याला तक्ते आवडतात. मी ल्युसर्नच्या बाजूची. शहर लहान, स्टेशनातून बाहेर आलं की समोर तळं, आणि नदीवर छप्पर असलेला जुना लाकडी पूल. “पुलाला छप्पर कशाला?” असं त्याने विचारलं होतं. “पावसात भांडायला,” असं मी म्हणाले होते. असं पटकन उत्तर मी आजवर कोणालाच दिलं नव्हतं. मलाच नवल वाटलं. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत आम्ही या दोन गावांवरून भांडत होतो, आणि मला ते संपायला नको होतं. बाकी माणूस कसा आहे ते मला ठाऊक नव्हतं. ते तिथे सात दिवसांत कळेल, असा माझा हिशेब होता.

सोमवारी व्हिसाची अपॉइंटमेंट होती. त्याआधी गाव ठरवून हॉटेल नक्की करायचं होतं. म्हणजे हातात शुक्रवार, शनिवार, रविवार. हे तीन दिवस आम्ही गाडीतून फिरलो: पुढे संकेत, त्याच्याशेजारी सासूबाई, मागे मी आणि व्हिसाच्या कागदांची फाईल. सासऱ्यांना दुकान सोडता येईना, ते मुरबाडलाच राहिले.

शुक्रवार, किन्हवली

सरळगावावरून आत वळलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची रिकामी खाचरं, मधूनच वालाचे हिरवे तुकडे, आणि काटेसावरी पानं टाकून लालभडक झालेल्या. हे बघत मी जात असताना मला एकच काळजी होती, उखाण्याची.

नवी सून घराच्या उंबऱ्यावर आली की नवऱ्याचं नाव यमकात घेतल्याशिवाय तिला आत सोडत नाहीत. हे शहापूरलाही आहे, पण आमच्याकडे एकदा घेतलं की सुटका होते. सासरच्या गोतात प्रत्येक घरात, प्रत्येक उंबऱ्यावर, आणि मागचं चाललेलं पुढच्या घरी चालत नाही. मामींनी दारात हात आडवा धरला. मागे शेजारच्या बायका. मी घसा साफ केला.

“भातसाचं पाणी चाललं मुंबईच्या नळाला, संकेतरावांचं नाव घेते तुमच्या आग्रहाला.”

“काय बोलली?” मागून एक बाई.

“पान्याचं कायतरी बोलली.”

“मोठ्यानं घे गो!”

दुसऱ्यांदा घेतला. मग एका ताटात जेवण. नवरा-बायकोने एका ताटात जेवायचं आणि बाकीच्यांनी समोर बसून बघायचं. तांदळाच्या भाकरी, कोंबडीचं कालवण, आणि बाजूला भेंडीची भाजी. कोंबडी सोडून मी भाजीच जास्त खाल्ली, कारण तशी कोवळी भेंडी मी शहापूरच्या बाजारात कधी पाहिली नव्हती.

“ती वाकडी हाय,” मामा म्हणाले. मामा परदेशी जाणारी भेंडी लावतात. पहाटे तोडणी, बोटाएवढी लांबी, सरळ असेल तर खोक्यात. “वाकडी तिकडं चालत नाय. ती आपन खायाची.”

“तिकडं म्हणजे कुठे मामा?” संकेतने विचारलं.

“स्वीसला. म्हनून सांगतो, जिनिव्हालाच जा. माझी भेंडी तिकडंच जाते.”

“नक्की जिनिव्हालाच?”

“एजंट बोलला स्वीसला जाते. आता स्वीसमधी काय धा-वीस गावं हायेत का?”

संकेत माझ्याकडे बघून हसला. जिनिव्हाला एक मत वाढलं होतं. मी तोंडात घास असल्याचं निमित्त करून खाली बघितलं. इथवर गंमत होती.

जेवणं झाल्यावर मामांनी पेटी उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून पासपोर्ट काढला. काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांचा परदेशी अभ्यास दौरा निघणार होता, तेव्हा काढलेला. दौरा रद्द झाला. मामांनी तो आम्हाला पानापानाने दाखवला. “एक पन शिक्का नाय बघ. हे पान कोरं. हे पन कोरं.” कोणी नुसता हट्ट केला तर मनातल्या मनात चिडता तरी येतं. त्या कोऱ्या पानांनी माझी तीही सोय ठेवली नाही.

“मी येतो तुमच्यासंगं,” ते म्हणाले. “कोन खातं माझी भेंडी ते बघतो.”

“दादा जातो तं मी काय घरी बसू?” सासूबाई लगेच म्हणाल्या. त्यांचाही पासपोर्ट होता. माझी नणंद दुबईला असते, तिच्याकडे जायचं म्हणून काढलेला.

मी संकेतकडे बघितलं. त्याने आधी मामांकडे बघितलं, मग आईकडे.

“चालेल की,” तो म्हणाला.

जेवणाआधी आम्ही दोघं होतो. पाणी प्यायचं भांडं खाली ठेवेपर्यंत चौघं झालो. झोपायची व्यवस्था अशी होती: संकेत ओटीवर मामांबरोबर, मी आत, मामी आणि सासूबाईंच्या मधे.

शनिवार, डोळखांबच्या वर

डोळखांबच्या पुढे रस्ता चढाला लागतो. डांबर संपलं की लाल माती, दोन्हीकडे साग, आणि टेकडीच्या खांद्यावर कुठेतरी पाच-पंधरा घरांचा पाडा. आम्हाला काळूबाबांकडे जायचं होतं. काळूबाबा आणि त्यांची बायको बायजाबाई पुष्कळ वर्षं माझ्या सासऱ्यांच्या शेतावर लावणीला यायचे. नात्याचे नाहीत, पण त्यांच्याकडचं पहिलं जेवण चुकवायचं नाही, हे सासऱ्यांनी निघताना दोनदा सांगितलं होतं.

चढावर टायर बसला. सासूबाई उतरल्या, लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या एका बाईशी बोलू लागल्या, आणि बोलता बोलता तिच्याबरोबर वळणाआड दिसेनाशा झाल्या. संकेतने जॅक काढला. मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कोणी नव्हतं.

मी टायरचे नट हातात धरून उभी राहिले. काय बोलायचं ते मी आदल्या दिवसापासून मनात जुळवत होते, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही.

“तू सगळ्यांना हो म्हणतोस,” मी म्हणाले. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते. फोनवर अरे म्हणायचे.

“मग काय करू? मामांचं तोंड बघितलंस ना?”

“माझं बघितलंस?”

त्याने वर बघितलं. कपाळावर ग्रीस लागलं होतं. “तुझ्या तोंडावरून काही कळत नाही, ऋतुजा. मी बघतो, खरंच बघतो. मला वाटलं तुलाही चालेल. तू नाही म्हणाली नाहीस.”

मला राग आला, आणि जास्त राग याचा आला की तो खोटं बोलत नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात वळणाआडून हाक आली, “झालं काय रे? जेवन थंड व्हतं!” आणि सासूबाई तीन बायका आणि एक पाण्याचा हंडा घेऊन परत आल्या. नट मी त्याच्या हातात दिले. “पाचवा कुठाय?” त्याने विचारलं. पाचवा नट सापडायला वीस मिनिटं गेली. माझ्या हातून पडला होता, हे मी सांगितलं नाही.

पाड्यावर उखाणा मागितला नाही. बायजाबाईंनी पायांवर पाणी घातलं आणि सरळ आत घेतलं. मला त्या तेवढ्यावरच आवडल्या. जेवायला नाचणीची भाकर, उडदाचं कालवण आणि मिरचीचा ठेचा. इथे ताट वेगळं मिळालं. त्यांची आपसातली बोली मला निम्मी कळत होती, पण आमच्याशी बोलताना ती माणसं सावकाश बोलत. नव्या माणसासाठी बोलणं सावकाश करावं, हे तीन दिवसांत फक्त त्यांना सुचलं.

सासूबाईंनी प्रवासाचा विषय काढला. लाकडी पूल ऐकून काळूबाबा हसले.

“लाकडाचा साकव? तो तं आमी दर साली बांधतो वड्यावर. पावसात जातो, परत बांधतो. साकव बघाया एवढ्या लांब कशाला? बांधाया या, बघाया पन मिळंल.”

“आन् तळं?” सासूबाई म्हणाल्या.

“धरनाच्या अंगाला जलम गेला, बाय. तळं बघून पोट भरलं. चैतात हंडा घेऊन खाली उतरतो ना, तवा दिसतं चांगलं.”

स्वित्झर्लंडमध्ये रस्त्यावरच्या हौदाचं पाणी सरळ ओंजळीने पितात, असं मी वाचलं होतं. ते मी तिथे न सांगता गिळलं. तीन दिवसांत गप्प राहिल्याचं बरं वाटलं, असं ते एकदाच.

“कोन कोन जातंय?” बायजाबाईंनी विचारलं.

“ही दोघं, मी, आन् माझा भाऊस,” सासूबाई म्हणाल्या.

बायजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग चुलीकडे तोंड करून, कोणालाच नाही अशा बेताने, त्या बोलू लागल्या. “आमी लगीन झालं त्याच साली भट्टीवर गेलो. इटांच्या. घरी सासू, दोन दीर, जावा. बोलाया जागा नव्हती. भट्टीवर खोपीत दोगंच. तवा मना कळलं, ह्याला पालीचं भ्या वाटतं.”

“पाल नव्हती,” काळूबाबा म्हणाले. “घोरपड व्हती.”

“पाल व्हती.”

“एवढी लांब व्हती गो!”

“शेपूट धरून एवढी. मीच मारली झाडूनं. हा भायेर.” बायजाबाईंनी भाकर उलटली. “काम लय वंगाळ. हात फुटायचे. पन भांडाया जागा व्हती.”

वीटभट्टी काय असते ते मला लांबून माहीत आहे. दिवाळीनंतर डोंगरातली कुटुंबं टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या घालून निघतात, आणि मी ती शाळेच्या बसच्या खिडकीतून बघायचे. त्यात हेवा करण्यासारखं काहीही नाही, आणि बायजाबाईंनी तसं भासवलंही नाही. तरी त्या माणसाला पालीची भीती वाटते हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं होतं. मला संकेतबद्दल अजून एवढंही ठाऊक नव्हतं. तो तक्ते करतो आणि हो म्हणतो, एवढंच.

निघताना त्यांनी पाय बांधलेला एक कोंबडा दिला. नव्या जोडप्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं. तो मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसला. एका बाजूला कोंबडा, दुसऱ्या बाजूला नाचणीचं गाठोडं, मांडीवर लाल भोपळा. आम्ही परत किन्हवलीला आलो आणि मामींनी उंबऱ्यावर पुन्हा हात आडवा धरला. “कालचा नको हां!”

रविवार, टोकावडे

कोंबड्याने सरळगावच्या आधी व्हिसाच्या फाईलवर घाण केली.

फाईल सीटवर होती, कोंबडा शांत होता, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही फोटो गेले, लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स गेली. “शुभ असतं,” सासूबाई पुढून म्हणाल्या. शुभ कशावरून, ते विचारायचं नसतं. संकेतने गाडी थांबवली, आम्ही फाईल पुसली. फोटो पुसताना माझं अर्धं नाक निघून आलं.

टोकावड्याला माळशेजच्या रस्त्यावर संकेतच्या आत्यांचा धाबा आहे. रविवार होता. घाटात फिरायला निघालेल्या गाड्या ओळीने उभ्या, टेबलं भरलेली. आत्या गल्ल्यावर बसून चार टेबलांना एकाच वेळी ओरडत होत्या. मला बघताच त्या उठल्या आणि दोन्ही हात वर करून सगळ्या धाब्याला म्हणाल्या, “थांबा! आमची नवी सून नाव घेते!”

अनोळखी चाळीस माणसांनी जेवण थांबवलं. माझा साठा संपला होता. मी काय म्हणाले ते मला आठवत नाही; त्यात माळशेज होतं आणि यमक नव्हतं. टाळ्या मात्र पडल्या. एका टेबलावरून कोणीतरी “वन्स मोअर” ओरडलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी समोर ठेवून आत्यांनी चौकशी केली. जिनिव्हा ऐकून त्यांनी हात झटकला.

“कारंजं काय बघायचं? धरनाचं गेट सोडतात तवा येवढं पानी उडतं. ल्युसर्नला जा. इथं एक गिऱ्हाईक आलेलं, त्यानं मला मोबाइलवर दावलं. डोंगरावर खुर्चीत बसून जायाचं, खाली तळं. मी तवाच ठरवलं, मरायच्या आधी त्या खुर्चीत बसायचं.”

“मग चल की,” सासूबाई म्हणाल्या. उपकार केल्यासारख्या.

“येतेच. आन् संकेत, तुझे आतोबा काय, मी नसले तं जेवनार नाय. त्यांना पन घ्या. पासपोर्ट हाय दोघांचा.”

सहा. मी मनात व्हिसाचं पान उघडलं. आणखी चौघांच्या अपॉइंटमेंटा सोमवारी मिळणार नव्हत्या. पुढची तारीख म्हणजे संकेतची मंजूर झालेली सुट्टी हुकणार. त्यानंतर पाऊस, लावणी, गणपती. गेलो असतो तर सहा जण गेलो असतो, नाही तर गेलोच नसतो. हे संकेतलाही कळलं होतं. तो चटणीत भाकरीचा तुकडा गोल गोल फिरवत होता.

“आत्या, तेवढं सोमवारचं…” तो म्हणाला.

“हां, सोमवार. म्हनजे आजच ठरलं पायजे. मामा बोलतो जिनिव्हा, मी बोलते ल्युसर्न. आपसात तोंड वाजवायचं कशाला? देव हाय ना.”

आमच्याकडे जमिनीचा वाद असो, मुलीचं स्थळ असो, बोअरवेलची जागा असो, गावदेवाला कौल लावतात. देवाच्या अंगाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी यावर हसत नाही, माझ्या वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घालायच्या आधी असाच कौल लावला होता. पण जिनिव्हा की ल्युसर्न हे विचारायला कोणी देवळात गेल्याचं मी ऐकलेलं नव्हतं.

देऊळ म्हणजे आंब्याखाली पत्र्याची शेड, आत शेंदूर लावलेला पाषाण. मोहोराचा वास भरून राहिला होता. गुरव वालाच्या शेंगा तोडता तोडता उठून आले, हातपाय धुतले, आणि आत्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. आत्यांचं म्हणणं होतं की उजवी पाकळी जिनिव्हा आणि डावी ल्युसर्न समजावी.

“तसं नाय चालत,” गुरव म्हणाले. “उजवं म्हनजे हो, डावं म्हनजे नाय. देवाला एका टायमाला एकच इचारायचं. हे काय हॉटेलचं कार्ड नाय, यातलं एक दे म्हनायला.”

किन्हवलीहून मामा व्हिडिओ कॉलवर होते. सासूबाईंनी फोन देवाकडे तोंड करून धरला होता.

गुरवांनी झेंडूच्या दोन पाकळ्या लावल्या. “जिनिव्हाला जायाचं का रे, बाबा?”

आम्ही थांबलो. आतोबा, जे धाब्यापासून एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी श्वास रोखून धरला. डावी पाकळी पडली.

“बघा!” आत्या म्हणाल्या.

“काय पडलं? मला दिसंना. नेटवर्क गेलं काय?” फोनमधून मामा.

“गप रे दादा,” सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दोन पाकळ्या. “ल्युसर्नला जायाचं का?”

या वेळी फार वेळ लागला. रस्त्यावरून घाटाकडे जाणारी एसटी गेली, पत्रा थरथरला. पाकळी पडली. डावी.

फोनमधून मामा “हॅलो, हॅलो” करत होते. आत्यांनी पदर डोक्यावर घेतला. “दोन्ही नाय,” त्या म्हणाल्या. मग सासूबाईंच्या कानाशी, पण मला ऐकू येईल असं: “नवं पाऊल हाय घरात. जपून राहावं. यंदा कुठं जायाला नको.”

आपण जायचंच नाही का, हा तिसरा प्रश्न कोणालाही विचारायचा नव्हता. त्याचं उत्तर हो आलं असतं तर काय, ही भीती सगळ्यांच्या तोंडावर दिसत होती. सासूबाई माझ्या पायांकडे बघत होत्या. मला रडू येईल असं वाटलं, आणि मग लक्षात आलं की ते रडू नव्हतं. तो शुक्रवारपासून गिळलेला राग होता.

गुरव तांब्यात हात बुडवून शांत उभे होते. “कोन कोन जानार?” त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी बोटांवर सहा मोजले.

“लगीन कोनाचं झालं?”

उत्तर समोर उभं होतं, हातात अजून हिरवा चुडा होता.

“मग देवानं काय बोलायचं? तुमी सहा जनांची बस भरून आनली, आन् ज्यांचं काम ती मागं उभी. ज्याला जायाचं त्यानं गाऱ्हानं घालावं.”

संकेत पुढे झाला. त्याने हात जोडले, तोंड उघडलं, आणि मान अर्धवट आईकडे वळवली.

“तू र्‍हाव दे,” गुरव म्हणाले. “तुला मी ल्हान असल्यापासून वळखतो. तू हो बोलशील. सूनबाय, तू ये.”

मी पुढे गेले. पाषाणावर चार पाकळ्यांचे ओले डाग होते. मागे सगळे होते, फोनमधल्या मामांसकट. मी हात जोडून अगदी हळू सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला आवाज फुटेना.

“देवाला हळू पन चालतं गो,” गुरव म्हणाले. “त्याला ऐकू येतं. मोठ्यानं घालायचं ते मानसांसाठी.”

मागे आत्या काहीतरी पुटपुटल्या. संकेत “ऋतुजा,” म्हणाला, अगदी हळू, फोनवर म्हणायचा तसा. मी मागे वळले नाही. डोळे उघडे ठेवले आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

“देवा, जिनिव्हा की ल्युसर्न ते आमचं आम्ही भांडून ठरवू. तुला एवढंच सांगायला आलेय, जाणार आम्ही दोघंच.”